घोडेगावच्या बाजारात पाहिलेला गुडघा

सामना रविवारी होता. त्याच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी आमच्या क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ येऊन पडली : 'त्यांच्या नऊ नंबरचा गुडघा गेलाय. रविवारी खेळत नाही.' कुणीतरी कुणाकडून तरी आलेलं पुढे ढकललं होतं. खाली लगेच टाळ्या, नाचणारी माणसं, हात जोडलेले, सगळं सुरू झालं. मी नगरमध्ये सावेडीतल्या माझ्या दुकानात होतो. दुचाकींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं. एका गिऱ्हाइकाला ब्रेक शू काढून देता देता मी ती ओळ तीनदा वाचली. आनंद वगैरे काही झाला नाही. एवढंच मनात आलं, की ही बातमी आपल्यापर्यंत कुणी येऊ दिली आणि कशासाठी?

क्लबात माझं कामच ते होतं. जिल्ह्याच्या लीगमधल्या सगळ्यात वरच्या गटात, ए डिव्हिजनमध्ये, आमचा संघ खेळायचा. प्रत्येक सामन्याच्या आधी समोरच्या संघाला गुपचूप बघून यायचं आणि काय दिसलं ते कोचना सांगायचं, हे काम मी सहा-सात वर्षं करत होतो. कोणाचा कुठला पाय चालतो, कोण दमला की गप्प होतो, कॉर्नरला त्यांचा उंच माणूस कुठे उभा राहतो, असलं सगळं. गोल किती मारले ते कुणीही सांगतं. मी गोल सोडून बाकीचं बघायचो.

त्याआधी मी स्वतः खेळायचो. स्टॉपर होतो, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्या स्ट्रायकरला अडवायचं. चौतिसाव्या वर्षी एका सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला समोरचा एकजण थेट माझ्या डाव्या गुडघ्यावर आला. चेंडू माझ्यापासून चांगला चार हात लांब होता. त्या आठवड्यात माझा तो गुडघा दुखत होता आणि ते फक्त आमच्या ड्रेसिंग रूमला माहीत होतं. बाहेर कुणी सांगितलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ऑपरेशन झालं, खेळ संपला. चालताना पाय अजून किंचित ओढला जातो. पण तेव्हापासून एक झालं, मला कुठलीच गोष्ट सरळ दिसेना. बायको म्हणायची, "तुम्हाला शेजारणीने वाटीभर आमटी दिली तरी तुम्ही विचारता, आज का दिली?" ती चुकीचं बोलत नव्हती.

त्या बुधवारी रात्री जेवायच्या आधीच साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमचे कोच. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, भिंगारला राहणारे. आम्ही सगळेच त्यांना साहेब म्हणायचो.

"मेसेज बघितला?"

"बघितला."

"काय वाटतं?"

"कुणीतरी मुद्दाम सोडलेला वाटतो."

"मलाही तसंच वाटतं. जाऊन बघून ये."

लीगचा तो शेवटचा सामना होता. आमचे गुण जास्त होते, त्यामुळे बरोबरी झाली तरी पहिला नंबर आमचा. त्यांना मात्र जिंकणं भाग होतं. त्यांचा संघ घोडेगावच्या बाजूचा. तीनच वर्षांत खालून वर आलेला. आणि त्यांचा सगळा खेळ त्या नऊ नंबरभोवती. पंचवीस वर्षांचा, फार उंच नाही, पण पाठीवर माणूस घेऊन वळण्यात तरबेज. पहिल्या फेरीत त्याने आमच्यावर दोन गोल मारले होते. दुसऱ्या गोलच्या वेळी आमच्या स्टॉपरला त्याने असं वळवलं होतं, की आमचा गडी जमिनीवर बसला आणि लोक हसले. ते हसणं आमचा स्टॉपर विसरला नव्हता.

गुरुवारी दुपारी दुकान बायकोवर सोडून मी मोटरसायकल काढली. शेंडी, जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरीचा पूल करत त्यांच्या सरावाच्या मैदानाशी पोचलो. मैदान हायस्कूलचं. गोलच्या खांबांना जाळी नव्हती आणि मैदानावर चिटपाखरू नव्हतं. सामना तीन दिवसांवर आणि सराव नाही? समोरच्या टपरीवर चहा सांगितला.

"आज खेळत नाहीत का पोरं?" मी विचारलं.

टपरीवाला गाळणं आपटत म्हणाला, "धा दिस झालं, सांजच्याला कोन येत न्हाई हितं. सकाळच्या पारी खेळत्यात म्हनं, दुसरीकडं."

"दुसरीकडं कुठं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमी कुठलं?"

"नगरचा."

"व्हय का," म्हणाला, आणि माझा चहा पुढ्यात ठेवून मोबाईल कानाला लावत टपरीच्या मागे गेला. तो कदाचित दूधवाल्याला फोन करत असेल. मी मात्र धरून चाललो, की नगरचा माणूस आलाय ही बातमी आत्ता पोचली. सरावाची जागा बदललेली, वेळ बदललेली, गुडघ्याची बातमी मात्र आपणहून आमच्या ग्रुपवर. मला ते जुळत नव्हतं. एकदा एका संघाने मला मैदानाच्या कडेला ओळखून त्यांच्या डावखुऱ्या विंगरला सबंध तासभर उजव्या पायाने खेळवलं होतं. मी ते खरं धरलं आणि सामन्यात आम्ही त्याच्या डाव्या पायाचा गोल खाल्ला. तसलंच काहीतरी पुन्हा शिजतंय, असं मला वाटलं.

तो नऊ नंबर म्हशींच्या व्यापाऱ्याचा मुलगा आहे आणि बाजाराच्या दिवशी बापाबरोबर असतोच, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, घोडेगावचा जनावरांचा बाजार. मी परत आलो आणि सकाळी पुन्हा गेलो. टोपी घातली, साधा सदरा घातला, आणि कुणी विचारलंच तर सासुरवाडीला म्हैस घ्यायची आहे असं सांगायचं ठरवलं.

बाजारात टेम्पो लागलेले, म्हशींच्या रांगा, शिंगांना तेल लावून चकचकीत केलेली. मी एका रांगेच्या शेवटाला उभा राहिलो आणि नऊ नंबरला शोधला. तो एका म्हशीचा कासरा धरून येत होता, आणि लंगडत होता. उजव्या पायावर भार टाकत नव्हता. मी मोजून वीस पावलं बघितली. नाटक असेल तर माणूस कुठेतरी विसरतो. हा विसरला नाही. पण मग तो चहा घ्यायला गेला, आणि परत येताना मला वाटलं की आता डावा पाय लंगडतोय. खरंच डावा होता, की मीच उलट बाजूने बघत होतो? माझं मलाच सांगता येईना.

तेवढ्यात एका टेम्पोने जोरात हॉर्न दिला आणि त्याच्या हातातली म्हैस हिसका मारून सुटली. तो पळाला. पाच-सहा पावलंच, पण सरळ, झपाट्याने, आणि जमिनीवर लोळणारा कासरा त्याने झडप घालून पकडला. मी मनात म्हटलं, सापडला! पण लगेच त्याने म्हैस खुंट्याला अडकवली, खुंट्यावर हात टेकला आणि तोंड पलीकडे फिरवून उभा राहिला. कळ आली म्हणून तोंड फिरवलं, की मी बघतोय हे दिसलं म्हणून?

"पाव्हणं, म्हस बघायची का?"

मी दचकलो. शेजारी साठीचा एक माणूस उभा होता. फेटा, मळकं धोतर, हातात काठी. नऊ नंबरचा बाप. त्याला मी पहिल्या फेरीच्या सामन्यात कडेला उभं राहून ओरडताना पाहिलं होतं.

"हो, बघायचीय ना. सासुरवाडीला," मी म्हणालो.

"कितव्या येताची पायजे?"

येत म्हणजे वेत, म्हैस कितव्यांदा व्यालेली, हे मला माहीत होतं. पण काय उत्तर द्यायचं ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "चांगली पाहिजे. पाय बिय नीट असलेली."

म्हातारा हसला नाही. त्याने मला टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. दातांनी काडी चावत म्हणाला, "म्हस घेनारा आदी कास बगतो. दूद बगतो. तुमी मगाधरनं पाय बगताय. आन् तेबी म्हशीचं न्हाई, माज्या पोराचं."

मी टोपी पुढे ओढली. आजूबाजूचे दोघे-तिघे व्यापारी जवळ सरकले. एकजण म्हणाला, "कोन हाय रं ह्यो? मागच्या बाजारातनं म्हस गेली, तवा बी असाच एक टोपीवाला फिरत हुता."

"चोर नाही मी," मी म्हणालो, आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर जास्तच वाईट वाटायला लागलं. एकाने माझ्या गाडीची किल्ली मागितली. मी सदऱ्याच्या खिशावर हात दाबून धरला.

तेव्हा नऊ नंबर गर्दीतून पुढे आला. त्याने माझी टोपी न काढताच मला ओळखलं होतं.

"सोडा त्यास्नी," तो म्हणाला. "नगरचे जुने स्टॉपर हायेत हे. लई भारी खेळायचे. मी शाळंत असताना बघितलंय." मग माझ्याकडे वळून नीट, शहरी बोलला, "काका, गुडघ्याची चौकशी करायला आलात ना?"

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. मी मान हलवली.

बाप-लेकांनी एकमेकांकडे बघितलं. बापाने काठीने म्हशींच्या मागची मोकळी जागा दाखवली. "दाव त्यांना," म्हणाला. "लांबून कशाला बगत्यात, जवळून बगू दे."

म्हशींच्या मागे एका पालथ्या घमेल्यावर तो बसला आणि पँट मांडीपर्यंत ओढली. "हात लावा," म्हणाला. मी खाली बसलो. उजवा गुडघा. सुजलेला होता, गरम होता. मी वाटीच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला तसा त्याने घमेल्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. कपाळावर घाम आला. माझ्या गुडघ्याला ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी जिथे दाबलं होतं, तीच जागा. घाम आणता येत नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

"रविवारी?" मी विचारलं.

"उतरनार. पट्टी मारून. मी न्हाई उतरलो तर आमची पोरं निम्मी तितंच हरतात."

"मग मला का दाखवतोस?"

तो पँट खाली करत म्हणाला, "तुमी बघायला आला. दाखवलं. आता तुमच्या सायबाला काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा."

घाटातून परत येताना सबंध रस्ताभर मी तेच उलटसुलट करत होतो. गुडघा खरा, हे माझ्या बोटांना कळलं होतं. पण खेळाडू आपलं दुखणं समोरच्या संघाच्या माणसाला दाखवतो कशाला? लपवायचं तेच जो उघडं करून दाखवतो, त्याच्या मनात काहीतरी असणार. काय असणार, ते काही केल्या कळेना.

शनिवारी सकाळी सरावानंतर साहेबांनी सगळ्यांना गोल करून बसवलं. मला मध्ये बोलावलं. मी पोचायच्या आधीच कुणीतरी मी बाजारात गेल्याचं सांगितलेलं होतं.

"बोल. खरं की खोटं?" साहेब म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत आमचा स्टॉपर बोलला. मांडी घालून बसला होता, हातात गवताची काडी. "साहेब, खरं-खोटं बघायला वेळ कशाला घालवायचा? पहिल्या पाच मिनिटांत मी त्याच्या गुडघ्यावर एक ठेवतो. खरा असेल तर बाहेर जाईल. खोटा असेल तर कळेल. फार तर पिवळं कार्ड."

दोघं-तिघं हसले. मी साहेबांकडे बघितलं. साहेबांना मी वीस वर्षं ओळखत होतो. असलं बोलणाऱ्याला त्यांनी पूर्वी मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या. त्या दिवशी ते नुसती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग मला म्हणाले, "तू हात लावून बघितलंस का? कुठला गुडघा?"

त्या क्षणी मला माझ्या वेळची ड्रेसिंग रूम दिसली. माझ्याबद्दलही कुणीतरी असंच कुणाला तरी सांगितलं असणार. कुठला गुडघा, एवढाच प्रश्न असेल तिथेही.

"हात कुठला लावू देतील साहेब," मी म्हणालो. "लांबूनच बघितलं. नाटक आहे. एकदा उजवा लंगडतो, एकदा डावा. म्हैस सुटली तेव्हा चांगला पळाला. आपण त्याला सोडून द्यावं म्हणून सगळं चाललंय."

लंगडणं, पळणं मी खरंच बघितलेलं होतं. पण हात लावल्याचं गाळलं होतं, आणि नाटक नाही हे माझ्या बोटांना माहीत होतं.

"मला वाटलंच," साहेब म्हणाले. "म्हणजे पूर्ण जोरात येणार. दोघं ठेवू त्याच्यावर. एक पुढून, एक मागून. फाऊल करायचा नाही, बॉक्सजवळ फ्री किक नकोय मला." स्टॉपरने हातातली काडी टाकून दिली. तो माझ्याकडे बघत होता. त्याला माझं पटलं की नाही, मला कळलं नाही.

रविवारी त्यांच्या गावाहून चार टेम्पो भरून माणसं आली. नऊ नंबर मैदानात आला तो उजव्या गुडघ्यावर जाड पट्टी बांधून, अगदी सगळ्यांना दिसेल अशी. आमच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बघ, पट्टीसुद्धा लावून आलाय नाटकाला."

सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत मला कळलं काय होतंय ते. नऊ नंबर पळतच नव्हता. मधून हळूहळू चालत तो उजव्या कडेला, लाइनीपाशी जाऊन उभा राहिला. आमचे दोघे त्याच्याबरोबर गेले. तो आणखी पुढे सरकला, हे दोघे आणखी सरकले. चेंडू त्याच्याकडे आलाच तर तो एका स्पर्शात मागे देऊन टाकायचा. आणि आमच्या गोलसमोर मधोमध, जिथे आमचा स्टॉपर उभा असायला हवा होता, तिथे मोकळी जागा. मी बाकावरून उठून साहेबांजवळ गेलो. "साहेब, एकाला मध्ये घ्या. त्याला एकटा पुरे."

साहेबांनी मान न वळवता विचारलं, "का? तू तर म्हणालास नाटक आहे."

खरं उत्तर दिलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी परत जाऊन बसलो.

मध्यंतराला गोल नव्हता. पहिला नंबर अजून आमचाच होता. उत्तरार्धात, शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरली असताना, त्यांचा सात नंबर, एक किडकिडीत पोरगा ज्याच्याबद्दल मी वहीत एक ओळसुद्धा लिहिली नव्हती, तो त्या मोकळ्या जागेतून चेंडू घेऊन सरळ आत आला. आमचा स्टॉपर कडेवरून धावत आला, पण उशीर झाला होता. चेंडू गोलकीपरच्या हाताखालून गेला. टेम्पोंवरची माणसं मैदानात उतरली. रेफ्रींनी त्यांना हाकलायला बराच वेळ घेतला.

गोल झाल्याबरोबर त्यांच्या कोचनी नऊ नंबरला बाहेर काढलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, उजवा पाय वर धरून तो गेला. आमचा स्टॉपर त्याच्या मागून ओरडला, "बस कर की आता! संपलं नाटक!"

एक-शून्य. ए डिव्हिजनचा कप घोडेगावच्या बाजूला गेला.

मला उघड कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी म्हशीचं चित्र टाकलं. नुसतं चित्र, शब्द नाही. खाली हसणारी तोंडं. तिसऱ्या दिवशी मला समजलं, की मी बाजारात म्हशींच्या मागे बसून त्यांच्या माणसाशी बोलत होतो, हे कुणीतरी बघितलेलं होतं, आणि मी काहीतरी ठरवून आलो असा बोभाटा झाला होता. दुकानात येणारी क्लबची पोरं यायची बंद झाली. जो उठसूट दुसऱ्यांवर संशय घेत आला, त्याच्याकडे आता सगळे तशाच डोळ्यांनी बघत होते. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

सुमारे तीन आठवड्यांनी, एका दुपारी, दुकानासमोर रिक्षा थांबली. त्यातून म्हातारा उतरला आणि त्याच्या आधाराने कुबडीवर नऊ नंबर. नगरला गुडघ्याचा एमआरआय काढायला आले होते. लिगामेंट फाटलेलं निघालं होतं, ऑपरेशन सांगितलं होतं. मी त्यांना स्टुलं दिली, चहा मागवला.

"काका," तो म्हणाला, "तुमच्यापैकी कुणीच गुडघ्याला हात लावला न्हाई. म्हणून इचारायला आलो. तुमी सांगितलं न्हवतं?"

"नव्हतं सांगितलं," मी म्हणालो. मग जे सबंध तीन आठवडे डोक्यात फिरत होतं ते विचारलं. "तुला ठाऊक होतं का, की मी सांगणार नाही?"

तो बापाकडे बघायला लागला. म्हाताऱ्याने चहाची बशी खाली ठेवली.

"त्येला न्हाई, मला ठावं हुतं," म्हातारा म्हणाला. "तुमी बाजारात शिरला तवाच मी तुमची चाल बगितली. डावा गुडगा गेलेला मानूस. जनावराची चाल बगण्यात जन्म गेला माजा, मान्साची न्हाई कळनार? पोरगं म्हनलं, खेळाडू हायेत जुने. म्हनलं, मंग कुनीतरी मारलेला हाय ह्येंचा गुडगा. ह्यो मानूस दुसऱ्याचा मारायला सांगनार न्हाई. दाव त्येला."

"आणि मी सांगितलं असतं तर?"

"तर पोरगं पाच मिन्टात भाईर आलं असतं," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तसंबी येनारच हुतं."

"पण दोघांना कडेला घेऊन जायचं, ते?"

नऊ नंबर पहिल्यांदाच हसला. "ते आयत्या वेळी सुचलं. पळता येईना, मग करणार काय? आणि तुमचे दोघं कुठंबी आले असते माझ्याबरोबर. शौचालयात गेलो असतो तरी आले असते."

मला हसू आलं आणि मी हसलो. पण ते गेल्यावर पुन्हा विचार करायला लागलो. आयत्या वेळी सुचलं, हे खरं? की बापाने तेही शुक्रवारीच म्हशींमागे उभं राहून ठरवलं होतं? माझी चाल ज्याने दोन मिनिटांत ओळखली, त्याला आमचे साहेब दोन माणसं ठेवतील हे ओळखता आलं नसेल? गुडघा खरा होता, माझ्या दुकानात आले तेही मनापासून आले असतील. तरी मला ठाम काही म्हणता येत नाही. बुधवारची ती ओळ ग्रुपवर कुणी सोडली, हे तर विचारायचं राहूनच गेलं.

त्याच आठवड्यात मी भिंगारला साहेबांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात बूट पॉलिश करत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं : गुडघ्याला हात लावला होता, सूज होती, खरं होतं, मी खोटं बोललो.

साहेबांचा ब्रश थांबला.

"तू मला एकट्याला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"त्या पोराला आवरलं असतं."

"शनिवारी तो सगळ्यांसमोर बोलला तेव्हा तुम्ही गप्प होतात, साहेब."

मी त्यांच्याशी असा कधीच बोललो नव्हतो. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता बाहेर जा म्हणतील. त्यांनी ब्रश डबीत ठेवला, झाकण लावलं.

"होतो," ते म्हणाले. "कप हवा होता मला. शेवटचं वर्ष करायचं होतं हे." मग डबी बाजूला सारत, "आवरलं असतंच, असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार."

आत जाऊन त्यांनी स्वतःच पाणी आणलं. त्यापुढे आम्ही सामन्याचा विषय काढला नाही. निघताना ते म्हणाले, "ग्रुपवरचं मी बघतो." आणि त्या रात्री त्यांनी ग्रुपवर एकच ओळ टाकली : 'सामन्याची आखणी माझी होती, पराभव माझा आहे.' मी खोटं बोललो हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. म्हशीची चित्रं बंद झाली.

साहेबांनी कोचिंग सोडलं नाही. पुढच्या मोसमात पहिल्या सामन्याच्या आधी त्यांचा फोन आला, जसा नेहमी यायचा. समोरचा संघ राहुरीचा होता. मी गेलो. मैदानाच्या पूर्वेला एका लिंबाखाली गाडी लावून वही काढली. अर्ध्या तासाने सहज पलीकडे नजर गेली, तर समोरच्या बाजूला एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला आमच्याच क्लबात गोलकीपरांचा सराव घेणारा कोच. डोक्याला रुमाल, हातात मोबाईल, तोंड मैदानाकडे. साहेबांनी त्याच्याबद्दल मला काही सांगितलं नव्हतं. त्याला माझ्याबद्दल सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

त्याने मला बघितलं असावं, कारण तो टेम्पोच्या आणखी मागे सरकला. मी ओळख दाखवली नाही. सराव संपेपर्यंत दोघेही आपापल्या जागी टिपत राहिलो, मग मी आधी निघालो. संध्याकाळी साहेबांना भेटून जे दिसलं ते सांगितलं, यावेळी काही न गाळता. ते ऐकून घेत होते, मधून मधून "बरं" म्हणत होते. मी बाहेर पडलो तेव्हा फाटकाशी गोलकीपरच्या कोचची गाडी येऊन थांबत होती.